ग्वेंडोलिन ब्रुक्स यांची कविता कशी वाचावी

ग्वेंडोलिन ब्रुक्स यांची ओळख बहुतेक ठिकाणी एकाच वाक्यात आटोपली जाते: पुलित्झर पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन व्यक्ती, साल १९५०. वाक्य खरे आहे. मात्र ते हाती धरून त्यांच्या कवितेत शिरू पाहणारा वाचक हमखास अडखळतो, कारण तो साहजिकच पुरस्कार मिळालेले पुस्तक, म्हणजे ‘ॲनी ॲलन’, आधी उघडतो, आणि ते त्यांचे सर्वांत अवघड पुस्तक आहे. मीही हीच चूक केली होती, आणि त्यानंतर बराच काळ ब्रुक्स माझ्यासाठी केवळ एक आदरणीय नाव होऊन राहिल्या. इंग्रजी कविता वाचण्याची थोडीफार सवय असलेल्या, परंतु ब्रुक्स यांच्याकडे अजून न वळलेल्या मराठी वाचकाने कुठून सुरुवात करावी, कोणती कविता कोणत्या कवितेनंतर वाचावी आणि वाचताना कान कुठे लावावा, हे सांगण्यासाठी पुढचे लेखन आहे.

पुस्तकांबाबत आधी एवढेच सांगतो की १९८७ साली निघालेला ‘ब्लॅक्स’ हा जाडजूड संग्रह मिळाला तर दुसरे काही शोधावे लागत नाही. तो मिळाला नाही, तर १९६३ चा ‘सिलेक्टेड पोएम्स’ आणि एलिझाबेथ अलेक्झांडर यांनी संपादित केलेली २००५ ची निवड यांवर भागते. अनेक कविता पोएट्री फाउंडेशनच्या संकेतस्थळावरही वाचता येतात.

सुरुवात एका खोलीतून

पहिली कविता ‘किचनेट बिल्डिंग’ ही घ्यावी. ती १९४५ च्या ‘अ स्ट्रीट इन ब्रॉन्झव्हिल’ या पहिल्याच संग्रहात आहे आणि अवघ्या १३ ओळींची आहे. वाचण्यापूर्वी किचनेट म्हणजे काय हे नीट समजून घ्यावे, कारण हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे एखाद्या हॉटेलच्या खोलीतला चकचकीत ओटा येतो आणि कविता तिथेच हातातून निसटते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून लाखो कृष्णवर्णीय माणसे उत्तरेकडच्या शहरांत आली. शिकागोत त्यांना हवे तिथे घर मिळत नसे. गोऱ्या वस्त्यांतले घरमालक आपापसांत लेखी करार करत की हे घर कृष्णवर्णीयाला विकायचे नाही आणि भाड्यानेही द्यायचे नाही. न्यायालयांनी अशा करारांची अंमलबजावणी करून देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवण्यास १९४८ साल उजाडावे लागले. परिणामी शहराच्या दक्षिण भागातल्या एका चिंचोळ्या पट्ट्यात वस्ती दाटत गेली, आणि त्या वस्तीलाच तिथली माणसे ब्रॉन्झव्हिल म्हणू लागली. मागणी वाढली तशी मालकांनी मोठी बिऱ्हाडे तोडून एकेका खोलीचे बिऱ्हाड केले, खोलीत एक लहानशी शेगडी बसवली, आणि न्हाणीघर मात्र अनेक कुटुंबांत मिळून एकच ठेवले. अशा खोलीला किचनेट म्हणत. १९३९ साली हेन्री ब्लेकली यांच्याशी लग्न झाल्यावर ब्रुक्स यांनी संसार मांडला तो अशाच खोल्यांमध्ये.

चाळीत वाढलेल्या मराठी वाचकाला न्हाणीघरासाठी थांबून राहण्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. मात्र साम्य तिथवरच ठेवावे. गिरणगावातली दाटी गिरण्यांनी घडवली होती आणि ब्रॉन्झव्हिलमधली दाटी वर्णभेदाच्या करारांनी, हा फरक विसरला की कविता केवळ गरिबीची होऊन बसते.

आता कविता दोनदा वाचावी. पहिल्या वाचनात फक्त वास टिपावेत: कांद्याच्या फोडणीचा, तळलेल्या बटाट्यांचा, बोळात कालपासून कुजत पडलेल्या कचऱ्याचा. दुसऱ्या वाचनात ‘स्वप्न’ हा शब्द शोधावा आणि तो या वासांमधून वर चढू शकतो का, एवढेच पाहावे. कविता त्या प्रश्नाचे उत्तर देत नाही, कारण उत्तराचा विचार करायला वेळ मिळण्याआधीच पाच नंबरच्या बिऱ्हाडातले माणूस न्हाणीघरातून बाहेर पडते आणि उरलेले कोमट पाणी आपल्याला मिळेल का, हा विचार डोक्यात येतो. स्वप्नाला कोणी नकार दिलेला नाही. त्याच्यापुढे पाण्याचा नंबर लागला आहे. ब्रुक्स यांची सारी पुढची कविता मला या कोमट पाण्याच्या भोवती दिसते, आणि सॉनेट या १४ ओळींच्या काव्यप्रकाराला जितक्या ओळी लागतात त्यांहून येथे एक ओळ कमी आहे, हाही योगायोग वाटत नाही.

घडण लक्षात ठेवून वाचावे

त्यांचा जन्म ७ जून १९१७ रोजी कॅन्सस राज्यातल्या टोपीका गावी झाला आणि काही आठवड्यांतच कुटुंब शिकागोला आले. मग ३ डिसेंबर २००० रोजी मृत्यू येईपर्यंत तेच त्यांचे शहर राहिले. आई किझाया शिक्षिका होत्या. वडील डेव्हिड यांना डॉक्टर व्हायचे होते, पण त्यांना आयुष्य सफाई कामगार म्हणून काढावे लागले. मुलगी लिहिते आहे हे दिसताच आईने तिला बाकीच्या कामांतून मोकळीक दिली आणि तू आपल्या लोकांची मोठी कवयित्री होणार, असे ठामपणे सांगितले. वयाच्या १३ व्या वर्षी पहिली कविता छापून आली. पुढे ‘शिकागो डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रात कविता नियमित येऊ लागल्या. किशोरवयात त्यांनी ज्येष्ठ कृष्णवर्णीय कवी जेम्स वेल्डन जॉन्सन यांना कविता पाठवल्या, तेव्हा त्यांनी आधुनिक कवींना वाचण्याचा सल्ला दिला. कृष्णवर्णीय कवी लँग्स्टन ह्यूज यांना चर्चमधल्या कार्यक्रमानंतर वही दाखवली, तेव्हा त्यांनी लिहीत राहण्याचे बळ दिले. १९४१ साली साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटरमध्ये आयनेझ कनिंगहॅम स्टार्क या श्रीमंत गोऱ्या बाईंनी कवितेचा वर्ग सुरू केला, त्यातही त्या होत्या.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की ब्रुक्स यांच्या हातात एकाच वेळी दोन परंपरा होत्या. एका हाती सॉनेट आणि बॅलड म्हणजे कथागीत यांचे काटेकोर वृत्त, तर दुसऱ्या हाती ब्लूज हे कृष्णवर्णीयांचे दुःखगाणे, चर्चमधले प्रवचन आणि रस्त्यावरची बोली. त्यांची कविता मनात वाचली तर पहिली परंपराच दिसते. मोठ्याने वाचली की दुसरी ऐकू येते. त्यामुळे मोठ्याने वाचणे ही येथे हौस नाही, गरज आहे.

याचा सराव करण्यासाठी त्याच पहिल्या संग्रहातली ‘गे चॅप्स ॲट द बार’ ही १२ सॉनेटांची मालिका घ्यावी. विषय दुसऱ्या महायुद्धातल्या कृष्णवर्णीय सैनिकांचा. लोकशाहीसाठी लढायला निघालेल्या या सैनिकांना त्यांच्याच सैन्यात वेगळ्या तुकड्यांमध्ये ठेवले जात असे. मोठ्याने वाचताना यमके कानाला खटकतील. शब्द जुळत आले आहेत असे वाटते आणि शेवटच्या व्यंजनाला ते हुकतात. ही हयगय नाही. परिस्थितीच न जुळणारी होती, म्हणून यमकेही अर्धवट जुळणारी घेतली, असे ब्रुक्स यांनीच सांगितले आहे. प्रत्येक सॉनेटमध्ये असे हुकलेले यमक शोधून त्याखाली पेन्सिलीने रेघ मारावी. मालिका संपेपर्यंत वृत्त आणि राग या दोन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत.

चोवीस शब्दांची कविता, आणि ‘आम्ही’ की ‘आपण’

यानंतर ‘वुई रिअल कूल’ घ्यावी. ती १९५९ साली ‘पोएट्री’ मासिकात आली आणि १९६० च्या ‘द बीन ईटर्स’ मध्ये समाविष्ट झाली. ब्रुक्स यांची हीच कविता सर्वाधिक लोकांना पाठ आहे. शाळेच्या वेळेत ‘पूल’ हा बिलियर्ड्ससारखा खेळ खेळण्याच्या एका अड्ड्यात मुले दिसली आणि ही मुले स्वतःविषयी काय विचार करत असतील, असा प्रश्न त्यांना पडला, त्यातून ती लिहिली गेली. ‘गोल्डन शव्हल’ नावाच्या अड्ड्यातली सात मुले ती बोलतात. एकूण शब्द २४, आणि सगळे एकाच उच्चारखंडाचे. त्यांपैकी आठ वेळा येतो तो शब्द म्हणजे ‘वुई’.

हा शब्द वाक्याच्या आरंभी असतो, पण पहिला सोडला तर तो ओळीच्या अखेरीस छापलेला असतो. तेथे किंचित थांबावे आणि तो हळू आवाजात म्हणावा, ही ब्रुक्स यांची स्वतःची सूचना आहे. मुलांना आपल्या असण्याची खात्री नाही, ती त्या थांब्यात ऐकू यायला हवी. ब्रुक्स यांच्या आवाजातले ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ते ऐकण्याआधी आपण स्वतः चार-पाच वेळा वाचून पाहावे, नाहीतर त्यांची नक्कलच होते. शेवटच्या ओळीच्या टोकाला ‘वुई’ नाही. जिथे कान त्याची वाट पाहतो तिथे काहीच येत नाही, आणि मुलांचे काय झाले हे त्या मोकळ्या जागेने कळते.

ही कविता पुरती समजून घ्यायची असेल तर मराठीत करून पाहावी. अनुवाद चांगला होणार नाही, पण वाचन नक्की सुधारेल. पहिलीच अडचण सर्वनामाची येते. इंग्रजीत ‘वुई’ एकच आहे. मराठीत ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’. ‘आपण’ घेतले तर मुले वाचकालाही अड्ड्यात ओढतात, ‘आम्ही’ घेतले तर वाचक दाराबाहेर उभा राहतो. ब्रुक्स स्वतः दाराबाहेरून पाहत होत्या, म्हणून मला ‘आम्ही’च योग्य वाटते, मात्र तो दोन अक्षरी आहे आणि एका ठोक्याची मूळ चाल त्याने लगेच बदलते. दुसरी अडचण पहिल्या वाक्यात गाळलेल्या क्रियापदाची. इंग्रजीत ते गाळले की बोली ऐकू येते, मराठीत ‘आम्ही हुशार’ हे प्रमाण भाषेतही सहज चालते, त्यामुळे बोलीचा रंग क्रियापद गाळून आणता येत नाही, तो ‘लई भारी’सारख्या शब्दातून आणावा लागतो. पण एका जागी मराठी अनपेक्षितपणे मदतीला येते. शेवटच्या ओळीत एकटे उरलेले ‘मरतो’ हे रूप मी, तो आणि आम्ही या तिघांनाही लागू पडते, आणि टोळीतला प्रत्येक मुलगा तिथे एकटा पडल्यासारखा वाटतो.

दोन आया

‘द बीन ईटर्स’ मधल्या दोन कविता एका बैठकीत, मध्ये दुसरे काहीही न वाचता, वाचाव्यात. त्याआधी घटना माहीत हवी. एमेट टिल हा शिकागोचा १४ वर्षांचा मुलगा ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यातल्या मनी या खेड्यात नातेवाइकांकडे गेला होता. तिथल्या दुकानातल्या गोऱ्या स्त्रीशी गैरवर्तन केल्याचा आरोप करून तिच्या नवऱ्याने आणि त्याच्या सावत्र भावाने त्याला रात्री घरातून उचलून नेले आणि मारून नदीत टाकले. सर्व गोऱ्या पुरुषांच्या ज्युरीने दोघांना निर्दोष ठरवले, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी एका मासिकाला पैसे घेऊन खुनाची कबुली दिली. मुलाच्या आईने शिकागोत शवपेटी उघडी ठेवली होती, आपल्या मुलाचे काय केले ते जगाने पाहावे म्हणून.

असा विषय हाती आल्यावर कवी आईच्या बाजूला उभा राहील, हे आपण गृहीत धरतो. ब्रुक्स यांनी लांबलचक पहिली कविता लिहिली ती त्या गोऱ्या स्त्रीच्या मनातून. ती सकाळी न्याहारी करते आहे, बेकन करपते आहे, आणि घडलेल्या प्रकाराला ती शाळेत वाचलेल्या बॅलडच्या साच्यात बसवू पाहते: आपण संकटातली गोरी कुमारी, नवरा राजपुत्र, आणि कोणीतरी काळा दुष्ट. पण दुष्ट तर चौदा वर्षांचे पोर होते. साचा बसत नाही आणि नवऱ्याच्या हातांची तिला किळस येऊ लागते. ही कविता वाचताना तिच्याविषयी कणव वाटली तर ती दाबू नये. ती वाटावी अशीच रचना आहे, आणि लगेच पान उलटून दुसरी कविता वाचली की त्या कणवेचा हिशेब होतो. दुसऱ्या कवितेचे नाव ‘एमेट टिलच्या बॅलडचे शेवटचे कडवे’ अशा अर्थाचे आहे आणि ती काही ओळींचीच आहे. त्यात आई लाल खोलीत बसून काळी कॉफी पिते आहे. बाकीचे बॅलड नाहीच. फक्त शेवट तिच्या वाट्याला आला आहे.

मधली पुस्तके

कवितेची फारशी सवय नसलेल्या वाचकाने येथे थांबून ‘मॉड मार्था’ ही १९५३ ची त्यांची एकमेव कादंबरी वाचावी. ३४ छोटी प्रकरणे आहेत, प्रत्येक एका बैठकीत संपते, आणि सामान्य रूपाची, सावळ्याहून सावळी समजली जाणारी एक स्त्री आपल्या आयुष्यातला डौल कसा जपते, हे ती कुठेही आवाज न चढवता सांगते. १९४९ चे ‘ॲनी ॲलन’ त्यानंतर घ्यावे. त्यातली ‘द ॲनियाड’ ही दीर्घ कविता होमर आणि व्हर्जिल यांच्या महाकाव्यांच्या नावाची आठवण देत ब्रॉन्झव्हिलमधल्या एका साध्या मुलीची कथा सांगते. शब्दकळा दाट आहे, म्हणून दिवसाला दोन-तीन कडव्यांपेक्षा अधिक वाचू नये. त्याच पुस्तकातली गरिबांच्या मुलांविषयीची सॉनेटे मात्र कोणीही, केव्हाही वाचावीत.

१९६७ ची रेघ फार जाड ओढू नये

१९६७ च्या वसंतात ब्रुक्स नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय लेखकांच्या परिषदेला गेल्या आणि तिथे त्यांना कृष्णवर्णीय कवी-नाटककार अमिरी बराका आणि त्यांच्या पिढीचे तरुण भेटले. त्या वेळी त्या पन्नाशीला आल्या होत्या, सन्मानित होत्या. तरीही परत येऊन त्यांनी शिकागोच्या ‘ब्लॅकस्टोन रेंजर्स’ या टोळीतल्या मुलांसाठी लेखनाचा वर्ग घेतला, घरी तरुण कवींना जमवले, आणि पुढे न्यूयॉर्कच्या हार्परसारख्या बलाढ्य प्रकाशनाला सोडून आपली पुस्तके डेट्रॉइटच्या ब्रॉडसाइड प्रेस आणि शिकागोच्या थर्ड वर्ल्ड प्रेस या छोट्या कृष्णवर्णीय प्रकाशनांना दिली. प्रस्थापित लेखकाने स्वतःच्या उत्पन्नाला झळ लावून असे करणे विरळाच.

यावरून ‘आधीच्या ब्रुक्स सौम्य, नंतरच्या लढाऊ’ अशी वाटणी केली जाते. मला ती पटत नाही. कोमट पाण्याची कविता १९४५ ची आहे. भाषा मोकळी झाली, ओळी तुटक झाल्या, संबोधन थेट आपल्या लोकांना उद्देशून होऊ लागले, हे खरे. राग मात्र आधीपासून होता, तो वृत्तात बांधलेला होता.

हे तपासण्यासाठी १९६८ ची ‘इन द मेक्का’ ही दीर्घ कविता वाचावी. मेक्का फ्लॅट्स ही शिकागोतली प्रचंड इमारत १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाच्या सुमारास बांधली गेली, पुढे तिथे कृष्णवर्णीय कुटुंबे कोंबली गेली, आणि १९५२ साली ती पाडून त्या जागी इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची वास्तू उभी राहिली. तरुणपणी ब्रुक्स यांनी याच इमारतीत तोडगे विकणाऱ्या एका तथाकथित आध्यात्मिक सल्लागाराकडे नोकरी केली होती. कवितेत सॅली स्मिथ ही आई कामावरून घरी येते, मुले मोजते, आणि पेपिटा नावाची लहान मुलगी सापडत नाही. मग ती दारोदार विचारत फिरते. वाचताना एक कागद जवळ ठेवून प्रत्येक दारामागे कोण आहे आणि त्याने काय उत्तर दिले हे लिहीत जावे. यादी लांबते तसे दिसू लागते की प्रत्येकाकडे स्वतःचे दुःख किंवा तत्त्वज्ञान आहे, पण मुलगी कोणीच पाहिलेली नाही. ती एका शेजाऱ्याच्या खाटेखाली मृत सापडते, आणि अगदी अखेरीस कळते की तिने कधीतरी गुलाबाच्या पाकळ्यांवर यमक जुळवून दोन ओळी म्हटल्या होत्या. म्हणजे शेकडो ओळी आपण जिला शोधत होतो ती कवयित्री होती.

प्रभाव कुठे शोधावा

त्यांच्या सन्मानांची यादी मोठी आहे: १९६८ पासून अखेरपर्यंत इलिनॉयच्या राजकवी, १९८५-८६ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या काव्य-सल्लागार. पण प्रभाव त्या यादीत शोधू नये. राजकवी म्हणून त्यांनी शाळकरी मुलांसाठी काव्यस्पर्धा सुरू केली आणि बक्षिसांचे पैसे स्वतःच्या खिशातून दिले. शाळा, तुरुंग, रुग्णालये येथे त्या वाचन करत फिरल्या. त्यांच्याकडे घडलेले हाकी मधुबुती थर्ड वर्ल्ड प्रेसचे संस्थापक झाले. ब्रुक्स यांच्यानंतर कवितेचा पुलित्झर मिळवणाऱ्या दुसऱ्या आफ्रिकन-अमेरिकन कवी रीटा डव्ह. तो मिळायला १९८७ उजाडले, आणि त्यांचा ‘थॉमस अँड ब्यूला’ हा संग्रहही एका साध्या कुटुंबाच्या घरगुती तपशिलांवरच उभा आहे. दोघींचे हे संग्रह शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत.

मराठी वाचकापर्यंत कृष्णवर्णीय साहित्य पोहोचले ते मुख्यतः दलित साहित्याच्या चळवळीतून; १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. त्या वाटेने आलेला वाचक उघड विद्रोह शोधतो. त्याने ब्रुक्स यांची ‘रायट’ ही १९६९ ची पुस्तिका आधी वाचली तरी चालेल, पण तिथून मागे, किचनेटच्या खोलीकडे जरूर यावे.

स्वतः लिहून पाहण्यासाठी

प्रभावाचे सर्वांत जिवंत रूप म्हणजे एक रचनाबंध. अमेरिकन कवी टेरन्स हेज यांनी २०१० च्या ‘लाइटहेड’ संग्रहात अशी कविता छापली, की जिच्या ओळींचे शेवटचे शब्द वरून खाली वाचत गेले तर ‘वुई रिअल कूल’ पुन्हा वाचली जाते. कवितेला नाव त्या अड्ड्याचेच, ‘द गोल्डन शव्हल’. बघता बघता तो रचनाबंध रूढ झाला आणि २०१७ साली, ब्रुक्स यांच्या जन्मशताब्दीला, अशा कवितांचा एक जाड संग्रहही निघाला.

मराठीत हे करण्यासाठी आपल्याला प्रिय असलेल्या मराठी कवितेतली आठ ते बारा शब्दांची ओळ निवडावी. ब्रुक्स यांच्या ओळीचे स्वतःच केलेले भाषांतर घेऊ नये, कारण मग शब्द अडले की आपण भाषांतरच बदलतो आणि बंधन उरत नाही. ओळीतला प्रत्येक शब्द, त्याच क्रमाने आणि प्रत्ययासकट, आपल्या एकेका ओळीच्या अखेरीस ठेवावा. ‘घराच्या’, ‘तिच्या’ अशी पुढच्या शब्दाला चिकटणारी रूपे मूळ ओळीत दोन-तीन तरी असावीत. अशा शब्दावर ओळ तुटली की वाक्य आपोआप खालच्या ओळीत ओढले जाते आणि कवितेला वेग येतो. दोनदा ‘आहे’ असलेली ओळ टाळावी, कारण तिथे वाक्य पुन्हा पुन्हा संपते. शीर्षकाखाली मूळ कवीचे नाव द्यावे. मग कविता कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावी. टोकाचे शब्द जोर देऊन म्हटल्यासारखे ऐकू आले, तर वाक्ये अजून शब्दांच्या मागे फरफटत चालली आहेत असे समजून त्या ओळी पुन्हा लिहाव्यात.